भाजलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत भुलेची औषधे एकत्र वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेणाऱ्या आणि बर्न्स विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे मात्रा प्रौढांच्या आणि शिरेतून द्यायच्या आहेत. मात्रा ठरवताना भाजण्यापूर्वीचे वजन धरावे. सूज आलेल्या रुग्णाचे आजचे वजन कित्येक किलोंनी फसवे असते.

एका औषधाने झोप लागते, मग दोन-तीन औषधे कशाला?

झोप लागते, पण तिची किंमत मोजावी लागते. एकट्या प्रोपोफॉलने रुग्ण झोपवायचा तर प्रति किलो २ मिग्रॅच्या आसपास लागते आणि तेवढ्याने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब खाली येतो. एकट्या केटामिनने झोपवायचा तर १ ते २ मिग्रॅ प्रति किलो लागते. त्यात दाब टिकतो, पण लाळ, वाढलेली नाडी आणि उठताना होणारी बरळ पदरात पडते. दोन्ही निम्म्या-निम्म्याने दिली की झोप पुरेशी लागते आणि प्रत्येकाचा त्रास निम्म्यावर येतो.

प्रत्येक जोडी मात्र सारखी वागत नाही. केटामिन आणि प्रोपोफॉल यांच्या झोपेची साधारणपणे बेरीज होते. मिडाझोलाम (गुंगी आणणारे औषध) आणि प्रोपोफॉल, किंवा फेन्टानिल (अफूजन्य वेदनाशामक) आणि प्रोपोफॉल, यांचा परिणाम बेरजेहून मोठा होतो. 'प्रत्येकाचे निम्मे' हे गणित या जोड्यांना लावले तर मात्रा जास्त होते. शिवाय झोपेबरोबर श्वास दबण्याचा परिणामही वाढतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

भाजून किती दिवस झाले, याने मात्रा बदलते का?

बदलते, आणि खूप बदलते. रुग्णाच्या कागदावर सगळ्यात आधी हीच नोंद पाहावी.

पहिल्या २४ ते ४८ तासांत केशवाहिन्या गळत असतात. रक्तातला द्रव ऊतींमध्ये उतरतो, हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि शरीर उरलेला दाब ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांच्या जोरावर सांभाळत असते. अशा वेळी दिलेले औषध मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते, पण पोहोचते तेव्हा त्याचा मोठा वाटा मेंदू आणि हृदयालाच मिळतो. नेहमीची चूक इथेच होते : ३० सेकंदांत रुग्ण झोपला नाही म्हणून दुसरी मात्रा जाते, मग दोन्ही एकदम पोहोचतात आणि दाब कोसळतो. या टप्प्यात केटामिन ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलोवर ठेवावे. प्रोपोफॉल द्यायचेच असेल तर १० ते २० मिग्रॅच्या घोटांनी द्यावे आणि प्रत्येक घोटानंतर पूर्ण मिनिटभर थांबावे.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास चित्र उलटते; हा हायपरडायनॅमिक टप्पा. चयापचय वाढतो, हृदय जोरात चालते, यकृत आणि मूत्रपिंडाकडे जास्त रक्त जाते. औषध पसरायला जागा जास्त मिळते आणि त्याचा निचराही लवकर होतो. प्रोपोफॉलची मात्रा वाढवावी लागते आणि परिणाम लवकर ओसरतो. आधी दोन दिवस जपून औषध दिलेला डॉक्टर आता हात आखडता ठेवतो, आणि श्वासनलिकेत नळी घातल्यावर रुग्णाचे डोळे पाणावतात, नाडी १५० वर जाते. ही अपुरी भूल असते. त्याच वेळी रक्तातले अल्ब्युमिन घसरलेले असते. मिडाझोलाम बहुतांश अल्ब्युमिनला चिकटून फिरते, त्यामुळे त्याचा मोकळा अंश वाढतो. म्हणजे एकाच रुग्णात एका औषधाची गरज वाढते आणि दुसऱ्याचा पहिला परिणाम अपेक्षेपेक्षा जोरदार होतो.

यात जंतुसंसर्ग घुसला तर दिवसांची मोजणी बाजूला ठेवावी. दहाव्या दिवशीचा सेप्सिसचा रुग्ण पहिल्या दिवसाच्या रुग्णासारखा, किंबहुना त्याहून नाजूक समजावा.

केटामिन दाब वाढवते ना? मग नाजूक रुग्णाला ते बेधडक द्यावे का?

केटामिन स्वतः हृदयाच्या स्नायूला थोडे दाबतेच. ते दाब वाढवते ते शरीरातल्या कॅटेकोलामाइन्स सोडवून. त्यांचा साठा आधीच संपला असेल, म्हणजे दीर्घ शॉक, सेप्सिस किंवा बरेच दिवस नॉरॲड्रेनॅलिनवर असलेला रुग्ण, तर उरते ती नुसती दाबण्याची क्रिया. मोठ्या भाजण्यात चयापचय आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू असते. त्या रुग्णांतही केटामिनकडून अपेक्षित असलेली उसळी मंद पडते. अशांना केटामिन देऊ नये असे नाही. पण दाब वाढवणारे औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये.

केटामिन आणि प्रोपोफॉल एकाच सिरिंजमध्ये भरावे का?

लहान कामासाठी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे ड्रेसिंग किंवा टाके काढणे, चालते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या इंडक्शनला (भूल सुरू करताना) दोन वेगळ्या सिरिंजा घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिश्रणात प्रमाण पक्के होऊन बसते. दाब घसरताना केटामिन वाढवून प्रोपोफॉल रोखता येत नाही. दुसरे असे की प्रोपोफॉल काही मिनिटांत पसरून ओसरते, तर केटामिनचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचे असते. पुन्हा पुन्हा तेच मिश्रण देत गेले की तासाभराने केटामिन साचलेले असते आणि प्रोपोफॉल नाही. रुग्ण उठायला उशीर करतो आणि उठतो तेव्हा बरळतो.

मिश्रण करायचेच तर हिशेब असा : १ टक्का प्रोपोफॉल १० मिली म्हणजे १०० मिग्रॅ. ५० मिग्रॅ प्रति मिली ताकदीचे केटामिन २ मिली म्हणजे १०० मिग्रॅ. त्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज ८ मिली. एकूण २० मिली, आणि प्रत्येक मिलीत दोन्ही औषधे ५-५ मिग्रॅ. ६० किलोच्या रुग्णाला प्रत्येकी ०.५ मिग्रॅ प्रति किलो म्हणजे ३०-३० मिग्रॅ, अर्थात ६ मिली. प्रोपोफॉल पातळ करताना ते प्रति मिली २ मिग्रॅच्या खाली नेऊ नये; त्याचे इमल्शन अस्थिर होते.

चुका बहुतेक वेळा केटामिनच्या कुपीवर होतात. ते १०, ५० आणि १०० मिग्रॅ प्रति मिली अशा तीन ताकदींत मिळते. १० च्या कुपीतून सवयीने २ मिली काढले तर १०० ऐवजी २० मिग्रॅच गेले. ५० च्या कुपीतून १० मिली काढले तर थेट ५०० मिग्रॅ. दुसरी चूक म्हणजे २० मिली प्रोपोफॉलमध्ये ४ मिली केटामिन घालायचे आणि मिश्रण १० मिग्रॅ प्रति मिली समजायचे. आकारमान २४ मिली झाले आहे, ताकद ८.३ उरली आहे. सिरिंजवर औषधांची नावे, प्रति मिली ताकद आणि भरल्याची वेळ लिहावी. प्रोपोफॉलच्या इमल्शनमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि कातडीचे कवच गेलेल्या रुग्णाला ते परवडत नाही. सकाळची उरलेली सिरिंज दुपारच्या रुग्णाला वापरणे अक्षम्य आहे.

केटामिन थायोपेन्टोन किंवा डायझेपामबरोबर एका सिरिंजमध्ये कधीच भरू नये. थायोपेन्टोनबरोबर तर लगेच साका बसतो.

कोणते औषध आधी, कोणते नंतर? एखादे उदाहरण मिळेल का?

६० किलोचा प्रौढ, ३५ टक्के भाजलेला, सहावा दिवस, जखमेची खरवड आणि त्वचारोपण ठरलेले. चेहरा-मान ठीक, दाब स्थिर, लघवी तासाला ३० मिलीच्या वर.

तीन ते पाच मिनिटे शुद्ध ऑक्सिजन. लाळ कमी करायला ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ. मिडाझोलाम १ मिग्रॅ देऊन दोन-तीन मिनिटे थांबायचे. मग फेन्टानिल ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रति किलो १, आणि पुन्हा दोन-तीन मिनिटे. हे थांबणे वेळखाऊ वाटते, पण पुढच्या औषधाची मात्रा याच थांबण्यातून कळते. त्यानंतर केटामिन ३० ते ६० मिग्रॅ, एका मिनिटात सावकाश. झटक्यात ढकलले तर श्वास थांबू शकतो. शेवटी प्रोपोफॉल २० मिग्रॅच्या घोटांनी. एकूण ३० ते ६० मिग्रॅत बहुधा काम होते. हायपरडायनॅमिक टप्प्यातल्या तरुण रुग्णाला अजून एक-दोन घोट लागले तर बिचकू नये.

केटामिन आधी द्यायचे ते प्रोपोफॉलने वाहिन्या सैलावण्याआधी दाबाला टेकू मिळावा म्हणून. प्रोपोफॉल शिरेत झोंबते, तेही त्यामुळे कमी जाणवते.

रुग्ण झोपला की नाही हे पापणीला हात लावून ठरवू नका. केटामिनमध्ये डोळे उघडे राहतात, बुबुळे हलत राहतात, हातापायांची थोडी हालचालही होते. हाकेला प्रतिसाद नाही आणि जबडा सैल पडला आहे, हे पाहावे.

मिडाझोलाम किती? वगळले तर?

१ ते २ मिग्रॅ, प्रति किलो ०.०२ ते ०.०३. त्याने प्रोपोफॉलची गरज बरीच घटते, आठवण पुसली जाते आणि केटामिनची भयंकर स्वप्ने कमी होतात. वयस्कर, धुराने फुफ्फुसाला इजा झालेला किंवा श्वासमार्ग अवघड असलेला रुग्ण असेल तर खुशाल वगळावे. त्याचा उतारा फ्लुमाझेनिल ०.२ मिग्रॅच्या टप्प्यांनी देता येतो. पण अतिदक्षता विभागात कित्येक दिवस मिडाझोलामचे इन्फ्युजन चाललेल्या रुग्णात त्याने झटके येऊ शकतात.

डेक्समेडेटोमिडिन या जोडीत कुठे बसते?

केटामिनबरोबर त्याची जोडी चांगली जमते. केटामिन नाडी आणि दाब वाढवते, लाळ आणते. डेक्समेडेटोमिडिन नाडी आणि दाब उतरवते, तोंड कोरडे करते, बरळ कमी करते. श्वास दोघांतही बऱ्यापैकी टिकतो. २०० मायक्रोग्रॅमची २ मिलीची कुपी ४८ मिली सलाईनमध्ये घातली की ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली होते. प्रति किलो ०.५ ते १ मायक्रोग्रॅम १० मिनिटांत, नंतर तासाला ०.२ ते ०.७. सुरुवातीची मात्रा घाईने दिली तर दाब आधी चढतो आणि नाडी ४० च्या खाली जाते. द्रव भरून झालेले नसेल किंवा प्रोप्रॅनोलॉल सुरू असेल तर सुरुवातीची मात्रा टाळून थेट इन्फ्युजन लावावे. घाईच्या इंडक्शनला हे औषध उपयोगाचे नाही, त्याला वेळ लागतो.

एटोमिडेट या भुलेच्या औषधाने दाब टिकतो, मग ते का नको?

एका मात्रेनेही ॲड्रेनल ग्रंथीतले ११-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे विकर अडते आणि कॉर्टिसोल तयार होणे काही तास, कधी दिवसभराहून जास्त, मंदावते. भाजलेल्या रुग्णाला दर दोन-तीन दिवसांनी शस्त्रक्रियेला आणले जाते, संसर्गाचा धोका कायम असतो. प्रत्येक वेळी ०.३ मिग्रॅ प्रति किलो देत राहणे शहाणपणाचे नाही. एखाद्या हृदयरुग्णाला एकदा दिले तर समजण्यासारखे आहे.

स्नायू शिथिल करायला सक्सिनिलकोलीन चालेल का?

भाजल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत चालते. त्यानंतर नाही. मज्जातंतू स्नायूला जिथे मिळतो त्या नेहमीच्या जागेबाहेरही स्नायूंवर नवे ॲसिटिलकोलीन ग्राहक उगवतात आणि सक्सिनिलकोलीनने ते सगळे एकदम उघडून पोटॅशियम रक्तात ओतले जाते. हृदय थांबते, आणि ते पुन्हा सुरू करणे फार अवघड जाते. जखमा भरल्यावरही वर्षभर, काहींच्या मते दोन वर्षे, ते टाळावे.

रोक्युरोनियम या दुसऱ्या शिथिलकाची गोष्ट उलटी. त्याच नव्या ग्राहकांमुळे ते कमी पडते. मोठ्या भाजण्यात साधारण आठवडाभराने ०.६ मिग्रॅ प्रति किलोने काहीच होत नाही असे वाटते. १.२ ते १.५ द्यावे आणि परिणामाला ९० सेकंदांहून जास्त लागतील हे गृहीत धरावे. तोवर भूल पुरेशी खोल राहिली पाहिजे. शिथिल झालेला पण जागा रुग्ण याच फटीत सापडतो, म्हणून प्रोपोफॉलचा एक घोट राखून ठेवावा.

चेहरा भाजला आहे किंवा मान आकसली आहे. तेव्हा कोणती औषधे एकत्र करावीत?

शक्य तितकी कमी. श्वासमार्गाची सूज भाजल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत कळसाला जाते. आवाज घोगरा, काळी थुंकी, नाकातले केस जळालेले अशी लक्षणे असली की नळी लवकर घालावी आणि नेहमीपेक्षा अर्धा-एक आकार लहान नळीही जवळ ठेवावी. स्वतःचा श्वास चालू ठेवणे हा एकमेव हुकमी पत्ता आहे. केटामिन १० ते २० मिग्रॅच्या घोटांनी, सोबत ग्लायकोपायरोलेट, घसा बधिर करायला लिग्नोकेनचा फवारा, आणि फायबरऑप्टिक दुर्बिणीने नळी. मिडाझोलाम, फेन्टानिल, प्रोपोफॉल या तिघांपैकी एकही नळी जागेवर बसून कार्बन डायऑक्साइडचा आलेख दिसेपर्यंत देऊ नये. 'थोडे फेन्टानिल तर देऊ' या वाक्याने सुरू झालेले बरेच प्रसंग गळ्याला छेद देऊन संपतात.

बंद खोलीतल्या धुरातून आलेल्या रुग्णात पल्स ऑक्सिमीटरचे ९९ टक्के खरे मानू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलेच दिसते.

स्वरयंत्र अचानक आकसले तर?

केटामिन, लाळ आणि हलकी भूल यांचे एकत्र येणे हे नेहमीचे कारण. इतरत्र हात सक्सिनिलकोलीनकडे जातो. इथे ते नाही, हे आधीच ठरवून ठेवावे. शुद्ध ऑक्सिजनचा सतत दाब, जबडा पुढे ओढून कानाच्या पाळीमागे घट्ट दाब, घशातली लाळ ओढणे. सुटले नाही तर प्रोपोफॉल ०.५ मिग्रॅ प्रति किलो. तरीही नाही तर रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो आणि नळी. म्हणून 'आज फक्त केटामिनवर करतो' असे ठरले तरी प्रोपोफॉलची भरलेली सिरिंज ट्रेमध्ये हवीच.

इंडक्शननंतर दाब ७० वर आला. औषधाचा दोष की आणखी काही?

बरेचदा दोघांचा. औषधाने वाहिन्या सैलावल्या, आणि यंत्राचा श्वास सुरू झाल्याने छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त घटले. फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम द्यावे आणि २५० मिली द्रव सोडावा. नाडी मंद असेल तर एफेड्रिन ५ ते १० मिग्रॅ. मात्र एफेड्रिनही शरीरातल्या साठ्यावरच जगते, त्यामुळे सेप्सिसमध्ये ते फुसके निघते. तिथे नॉरॲड्रेनॅलिन ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटाने सुरू करावे. छातीभोवती कडक भाजलेली कातडी असेल आणि वायुमार्गातला दाब चढत असेल तर औषधे बदलून उपयोग नाही. सर्जनला कातडी चिरून मोकळी करायला सांगावे.

मॉनिटर लावायला धड कातडीच नाही. आणि बीआयएसवर (मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली दाखवणारा मॉनिटर) भरवसा ठेवावा का?

ईसीजीला सुईचे इलेक्ट्रोड किंवा जखमेवरच्या स्टेपलला चिमटे. ऑक्सिमीटर कानाला, ओठाला, नाकपुडीला. दाबाचा पट्टा ड्रेसिंगवरूनही चालतो, पण मोठ्या खरवडीला धमनीत कॅन्युला घातलेली बरी. नळी चिकटपट्टीने न बांधता सुती फितीने बांधावी.

बीआयएसचा आकडा केटामिनमुळे खोटाच वर जातो. तो खाली आणण्यासाठी प्रोपोफॉल वाढवत नेले तर आकडा उतरायच्या आधी दाब उतरतो.

लहान मूल आहे, शीर मिळत नाही.

१५ किलोच्या मुलाला तोंडातून मिडाझोलाम ०.५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ७.५ मिग्रॅ, अर्धा तास आधी. मग स्नायूत केटामिन ४ ते ५ मिग्रॅ प्रति किलो, ६० ते ७५ मिग्रॅ. ५० च्या ताकदीतून काढले तर दीड मिलीच्या आतच बसते. सुई न भाजलेल्या, न सुजलेल्या स्नायूत द्यावी. सुजेतून औषध कधी शोषले जाईल याचा नेम नसतो. तीन ते पाच मिनिटांत मूल शांत होते. शीर मिळाल्यावर प्रोपोफॉल ०.५ मिग्रॅ प्रति किलोच्या घोटांनी. खोली २८ ते ३२ अंशांवर तापवून ठेवलेली असावी. गार पडलेल्या मुलात औषधे रेंगाळतात.

दर दोन दिवसांनी ड्रेसिंग होते आणि मात्रा चढत चालली आहे. कुठवर?

सवय अफूजन्य औषधांची लागते, मिडाझोलामची लागते, केटामिनचीही लागते. पहिल्या आठवड्यात ३० मिग्रॅ केटामिनने शांत झोपणारा रुग्ण चौथ्या आठवड्यात ६० मागतो. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा डेक्समेडेटोमिडिन किंवा जिथे कातडी शाबूत आहे तिथे नर्व्ह ब्लॉक जोडावा. प्रत्येक वेळच्या मात्रा, रुग्ण किती हलला आणि किती वेळात उठला हे एका वेगळ्या कागदावर लिहून तो रुग्णासोबत फिरवावा. पुढच्या भूलतज्ज्ञाला त्याहून उपयुक्त काही मिळत नाही. केटामिन आठवडेन् आठवडे चालले तर यकृताच्या चाचण्या आणि लघवीची जळजळ यांवर लक्ष ठेवावे. प्रोपोफॉलचे इन्फ्युजन तासाला ४ मिग्रॅ प्रति किलोच्या वर ४८ तासांपलीकडे नेऊ नये.

उठताना रुग्ण ओरडतो, ड्रेसिंग ओढतो. केटामिनचीच करामत ना?

तसे म्हणण्यापूर्वी ऑक्सिजन, भरलेले मूत्राशय आणि वेदना तपासावी. जिथून कातडी काढली ती मांडी मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते, हे विसरले जाते. वेदना असेल तर फेन्टानिल २५ मायक्रोग्रॅमच्या टप्प्यांनी. नसेल तर मिडाझोलाम १ मिग्रॅ, किंवा डेक्समेडेटोमिडिन प्रति किलो ०.३ मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत. प्रकाश मंद करावा आणि एकाच माणसाने बोलावे.

उपाशी किती वेळ ठेवावे?

घट्ट अन्नाला सहा तास, स्वच्छ द्रवाला दोन. मोठ्या भाजण्यात आणि अफूजन्य औषधांवर जठर मंदावते, त्यामुळे सहा तास झाले तरी पोट रिकामे आहे असे धरू नये. पण दर दोन दिवसांनी अर्धा-अर्धा दिवस उपाशी ठेवलेल्या रुग्णाची जखमही भरत नाही. श्वासनलिकेत फुगा (कफ) असलेली नळी आधीच घातलेली असेल आणि अन्न जठरापुढे आतड्यात सोडले जात असेल, तर अनेक बर्न्स विभाग ते शस्त्रक्रियेच्या वेळीही थांबवत नाहीत. अपवाद फक्त श्वासमार्गाची किंवा पालथे झोपवून करायची शस्त्रक्रिया.